अर्भकाची साक्ष

अर्भकाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची हौस राजेलोकांना फार पुरातन काळापासून आहे. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकात मिसर देशावर सामेटिकस नावाचा राजा राज्य करीत होता. जगातील सर्वांत प्राचीन लोक कोणते, हा वाद त्याने ज्या रीतीने सोडविला त्याची हकीकत हिरोडोटसाने आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात आरंभीच दिली आहे. राजाने दोन नवजात मुले एका मेंढपाळाच्या हवाली केली, त्यांच्यासमोर कोणी एक शब्दही उच्चारू नये अशी सक्त आज्ञा दिली, आणि वेळोवेळी शेळ्या नेऊन त्यांना दूध पाजण्याची व्यवस्था केली. दोन वर्षांनी एके दिवशी मेंढपाळाने दार उघडताच दोन्ही मुले हात पसरून ‘बेकोस’ असे म्हणाली. चौकशीअंती कळले की फ्रिजियन लोक भाकरीला या नावाने ओळखतात. तेव्हा फ्रिजियन लोक आपल्याहून जुने, असा निकाल मिसरी राजाने स्वतःच्या विरुद्ध दिला.

निकाल स्वतःच्या विरुद्ध देणारा न्यायाधीश विरळा, म्हणून या राजाविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु पुराव्याकडे वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर हा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघाला असता. मुलांनी काय उच्चारले हे सांगणारा मूळ साक्षीदार एकटा मेंढपाळ. आणि ज्या शेळ्यांचे दूध मुले पीत होती त्या शेळ्या कोणता ध्वनी काढतात हा प्रश्न त्याला उलटतपासणीत कोणी विचारलाच नाही. ‘बेकोस’चा शेवटचा ग्रीक प्रत्यय काढून टाका, उरते ते शेळीचे बेंबटणे, ही शंका प्राचीन टीकाकारांनाही सुचली होती.

पुढे असल्याच कथा इतर राजांविषयी सांगितल्या गेल्या. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने दायांना मुलांशी बोलण्याची मनाई केली व ती मुले मरण पावली, असे सालिम्बेने या इटालियन बखरकाराने लिहून ठेवले आहे. तो फ्रेडरिकचा हितचिंतक नव्हता, हे ध्यानात ठेवूनच ती हकीकत वाचावी. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने १४९३ साली दोन मुले एका मुक्या बाईबरोबर इंचकीथ बेटावर ठेवली, आणि ती उत्तम हिब्रू बोलू लागली असे काही लोक म्हणत; बखरकार पिट्सकॉटीने हे ऐकीव म्हणूनच नोंदविले आहे, आणि ऐकीव पुराव्याचे मोल आमच्या व्यवसायात सर्वांस ठाऊक आहे.

या मालिकेतील चौथा प्रयोग मात्र आपल्या देशातला, आणि त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. १५८० च्या आगेमागे अकबर बादशहाने एक घर बांधून त्यात तान्ही मुले ठेवली. बोलणे हे ऐकण्यातून येते असे बादशहाचे मत होते, दरबारातील काहींना ते मान्य नव्हते, आणि वाद मिटावा म्हणून हा उद्योग झाला, असे अबुल फजलच्या वृत्तान्तावरून दिसते. सांभाळ करण्यासाठी न बोलणाऱ्या दाया नेमल्या व दारावर पहारा बसविला. १५८२ मध्ये बादशहा स्वतः तेथे गेला तेव्हा त्या घरातून मनुष्यवाणीचा मागमूसही आला नाही. बदायुनी हा बादशहाचा कठोर टीकाकार. त्याने सुमारे वीस मुले आयांना पैसे देऊन घेतली होती असे नमूद केले आहे, आणि त्यांतील पुष्कळ दगावली हेही लपविलेले नाही. त्या वास्तूला लोक ‘गुंग महाल’ म्हणू लागले. स्तुतिपाठक आणि निंदक या दोघांच्या जबान्या मुख्य मुद्द्यावर जुळतात, म्हणून आम्ही हा पुरावा ग्राह्य मानतो. चौघा राजांपैकी वादाचा मुद्दा नीट आखून घेतला तो एकट्या अकबराने. मात्र त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या महालाचे नावच सांगते.

ऐकले नाही तर बोलता येत नाही, हे या घराने दाखविले. त्यावरून जगाने जो निष्कर्ष काढावयाचा तो मात्र काढला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असे समजून कायदा शतकानुशतके चालला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मतः बहिरा व मुका यांना दायभागातून वगळले आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे पुढच्याच श्लोकात सांगितले आहे, हेही न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. जस्टिनियनच्या संहितेत जन्मतः बहिऱ्या-मुक्याला मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाही. अठराव्या शतकात ब्लॅकस्टनने जन्मतः बहिरा, मुका व आंधळा असलेल्या मनुष्यास मूढाच्या पंक्तीत बसविले. आपल्याकडे १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा पद्धतीखालील अशी बहुतेक अपात्रता दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने व्यंगामुळे वारसा बुडण्याची गोष्टच संपविली. म्हणजे अकबराच्या घरापासून या कलमापर्यंत पावणेचारशे वर्षे लोटली. अर्भकाच्या कानावर पडलेल्या ध्वनीचे त्याच्या मेंदूत काय होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडिती कुतूहलाचा नव्हे. त्याच्या उत्तरावर माणसांच्या जमिनी आणि घरे अवलंबून राहिली आहेत.

एकोणिसाव्या शतकात राजांची जागा बापांनी घेतली. डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाची टिपणे ठेवली होती, ती त्याने १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. बरोबर एक वर्षाच्या वयात मुलाने खाण्यासाठी ‘मम’ हा शब्द स्वतःच बनविला, असे त्यात आहे. मराठी आईला यात नवल वाटणार नाही. जर्मनीत प्रायर या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बालमनावर मोठा ग्रंथ लिहिला व जन्मतःच प्रत्येक मूल बहिरे असते असे मत दिले. अमेरिकेत विल्यम जेम्सने १८९० मध्ये नवजाताचे जग म्हणजे रंग, ध्वनी व स्पर्श यांचा एक अखंड कल्लोळ, अशा आशयाचे वर्णन केले, आणि ते इतके लोकप्रिय झाले की पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे ते कोणी तपासून पाहिले नाही. दरम्यान पॅरिसमध्ये ब्रोकाने १८६१ मध्ये व जर्मनीत वेर्निकेने १८७४ मध्ये, पक्षाघात झालेल्या प्रौढ रोग्यांच्या मेंदूंवरून, वाणीचा कारभार बहुतांशी डाव्या अर्ध्या मेंदूत चालतो हे दाखविले. पण हा कारभार जन्मापासून तेथे असतो, की वापराने तेथे जाऊन बसतो? १९६७ मध्ये लेनेबर्गने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असा पक्ष मांडला की जन्मतः दोन्ही अर्धी सारखीच समर्थ असतात व डाव्याचे वर्चस्व हळूहळू वाढते. खुद्द अर्भकाला याविषयी विचारावे कसे, हीच खरी अडचण होती. शपथ घेणे दूरच राहिले, ज्याला मान धरता येत नाही त्याची जबानी घ्यावयाची कशी?

ती युक्ती अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी, ब्राउन विद्यापीठात, पीटर आयमस व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी वापरली, आणि तिचा वृत्तान्त १९७१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अर्भकाला स्वतःच्या इच्छेने करता येण्याजोगी एक गोष्ट असते : चोखणे. त्याच्या तोंडात दुधाविना नुसते बोंडूस द्यावयाचे आणि त्याला दाब मोजणारे यंत्र जोडावयाचे. मूल जोराने चोखील तसतसा एक ध्वनी ऐकू यावा, ‘बा, बा, बा’. आपल्या चोखण्याने हा आवाज निघतो हे मुलाच्या ध्यानात येते व ते अधिक जोराने चोखू लागते. काही मिनिटांत त्याला कंटाळा येतो, चोखणे मंदावते. आता ध्वनी बदलावयाचा. मूल पुन्हा उत्साहाने चोखू लागले तर त्याला फरक कळला. न बोलणाऱ्या साक्षीदाराची ही जबानी जितकी साधी तितकीच भरवशाची आहे, कारण कंटाळ्याचे सोंग आणणे एक महिन्याच्या मुलाला जमत नाही.

आता ध्वनी कोणते बदलले ते पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म तेथे आहे. ओठ उघडणे आणि कंठातील कंप सुरू होणे यांत किती अंतर पडते, यावर इंग्रजीतील ‘ब’ व ‘प’ यांचा भेद ठरतो. हे अंतर वीस सहस्रांश सेकंद असेल तर इंग्रज कानाला ‘ब’ ऐकू येतो, आणि चाळीस असेल तर ‘प’. परंतु साठ व ऐंशी यांतही अंतर तितकेच, वीस, असूनही दोन्ही वेळा ‘प’च ऐकू येतो. ध्वनी सलग बदलतो, कान मात्र मध्येच एक रेघ ओढतो आणि अलीकडचे एक व पलीकडचे दुसरे असे ठरवितो. प्रौढांविषयी हे हॅस्किन्स प्रयोगशाळेत १९५७ पासून ठाऊक होते. तो शिकण्याचा परिणाम असावा असा समज होता. आयमसच्या एक व चार महिन्यांच्या मुलांनी नेमक्या त्याच रेघेवर दखल घेतली. वीस आणि चाळीस यांत ती जागी झाली. साठ आणि ऐंशी यांत कंटाळलेलीच राहिली. जाता जाता सांगावयाचे तर, शब्दारंभीच्या या इंग्रजी ‘प’मध्ये आपल्या ‘फ’ची छटा असते, आणि आपल्या ‘ब’मध्ये ओठ उघडण्यापूर्वीच कंठ कंपू लागतो, म्हणजे इंग्रजांची रेघ व आपली रेघ एका जागी नाहीत. मग जन्मजात रेघ कोणाची? केनियातील किकुयू भाषेत ओठांचा ‘प’ नाही. तेथील दोन महिन्यांच्या मुलांवर स्ट्रीटर या विदुषीने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की घरी कधी न ऐकलेला इंग्रजी भेदही ती ओळखतात आणि किकुयूतला भेदही ओळखतात.

वाणीचे ज्ञान मनुष्याच्या रक्तातच आहे, असा निकाल लगेच जाहीर होण्याच्या बेतात असताना प्रतिपक्षाने एक अनपेक्षित साक्षीदार आणला. १९७५ मध्ये पॅट्रिशिया कूल व मिलर यांनी चिंचिला नावाच्या, दक्षिण अमेरिकेतील एका मऊ केसांच्या कुरतड्या प्राण्याला शिकवून तयार केले, आणि त्याच्या कानानेही रेघ जवळजवळ तेथेच ओढली. चिंचिला काही कधी भाषण करणार नाही. तेव्हा ही रेघ वाणीकरिता घडलेली नसून सस्तन प्राण्यांच्या श्रवणातच मुळात असावी आणि मनुष्याच्या भाषांनी तिचा उपयोग करून घेतला असावा, हा पक्ष बळावला. आमच्या मते आयमसच्या प्रयोगाला यामुळे कमीपणा येत नाही. नवजाताच्या कानापाशी गोंधळ नसून विभागणी आहे, हा मूळ मुद्दा शाबूतच राहिला. ती विभागणी त्याच्या एकट्याच्या मालकीची नाही इतकेच ठरले.

यानंतरचा अध्याय आपल्या ‘ट’ आणि ‘त’चा आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी इंग्रजीभाषी घरांतील मुलांना हिंदीतील मूर्धन्य व दंत्य वर्ण ऐकविले. इंग्रजीत हा भेद नाही. इंग्रजांचा ‘टी’ आपल्या दोन्हींच्या मधल्या जागी उच्चारला जातो. म्हणूनच त्यांना ‘टाळ’ आणि ‘ताल’ यांच्या पहिल्या अक्षरांतला फरक सांगता सांगता आपण थकतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात इंग्रज प्रौढांपैकी फारच थोड्यांना, शिकवूनसुद्धा, हा फरक ओळखता आला. सुमारे सात महिन्यांच्या इंग्रज मुलांना मात्र तो हिंदीभाषी प्रौढांइतकाच कळत होता. तो हरवतो केव्हा, याचा शोध १९८४ च्या लेखात आहे. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक मुले हा भेद ओळखतात, आठ ते दहा महिन्यांत संख्या घटते, आणि वर्षाच्या आसपास तो जवळजवळ नाहीसा होतो. ब्रिटिश कोलंबियातील मूळ रहिवाशांच्या थॉम्पसन भाषेतील कंठ्य व त्याहून मागे, पडजिभेपाशी उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांची तीच गत दिसली. ज्यांच्या घरी या भाषा बोलल्या जात होत्या ती मुले त्याच वयात हे भेद बिनचूक सांगत होती.

येथे आम्हाला आपल्या शिक्षाग्रंथकारांची व प्रातिशाख्यकारांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ या क्रमाने स्पर्शवर्णांची मांडणी त्यांनी केली, आणि ती मांडणी आजही पहिलीतल्या मुलाच्या पाटीवर आहे. पण त्यांनी वर्णन केले ते तोंडाचे, बोलणाऱ्याचे. ऐकणाऱ्याच्या बाजूने, आणि तेही न बोलणाऱ्या ऐकणाऱ्याच्या बाजूने, हा तक्ता तपासण्याचे काम व्हँकूव्हरच्या प्रयोगशाळेत झाले. शिवाय लिपी आपल्याला वाटते तितकी सर्वज्ञ नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ मराठी कानाला दोन वेगळे आहेत, कोंकणी कानालाही असे दोन ‘ज’ वेगळे लागतात, आणि देवनागरीला मात्र त्यांचा पत्ता नाही. आपली मुले हा भेद कोणत्याही पाटीवरून शिकत नाहीत.

नवजात अर्भकाचा विचार करताना आणखी एक प्रश्न पुढे येतो : जन्माच्या दिवशी त्याची श्रवणविद्या खरोखर कोरी असते काय? भागवतात प्रह्लादाने गर्भात असताना नारदाचा उपदेश ऐकला, आणि अभिमन्यूची लोककथा तर प्रत्येक आजीला पाठ आहे. या कथांना पुरावा म्हणून दाखल करण्याचा आमचा विचार नाही. गर्भात व्यूहरचना समजते असे कोणत्याही प्रयोगशाळेने म्हटलेले नाही. परंतु गर्भाचा कान सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागतो, आणि आईच्या देहातून व गर्भजलातून ध्वनी गाळून त्याच्यापर्यंत पोहोचतात, हे निश्चित आहे. उंच स्वर अडतात, खालचे जातात. व्यंजनांचे बारकावे बहुतांशी वाटेतच गळतात. बोलण्याची लय, चढउतार आणि ठेका पोहोचतो. भिंतीपलीकडच्या खोलीत चाललेले संभाषण ऐकावे तसे ते असते.

१९८० मध्ये डीकॅस्पर व फायफर यांनी दाखविले की तीन दिवसांच्या आतील बालके परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकण्यासाठी आपल्या चोखण्याची पद्धत बदलतात. १९८६ मध्ये डीकॅस्पर व स्पेन्स यांनी गर्भवती स्त्रियांना अखेरच्या सहा आठवड्यांत एक ठरावीक बालकथा रोज मोठ्याने वाचावयास सांगितले. जन्मानंतर मुलांनी अपरिचित उताऱ्यापेक्षा तो उतारा पसंत केला, आणि तो परक्या आवाजात वाचला तरीही पसंत केला. १९८८ मध्ये पॅरिसच्या झाक मेलर यांच्या गटाने चार दिवसांची फ्रेंच बालके फ्रेंच व रशियन वेगळ्या ओळखतात असे सिद्ध केले. मग त्यांनी तेच ध्वनिमुद्रण गाळून, उंच स्वर काढून टाकून ऐकविले, म्हणजे गर्भात पोहोचेल तसेच. बालकांनी तरीही फरक ओळखला. म्हणजे त्यांनी धरले होते ते शब्दांचे अंग नव्हे, ठेका. १९९८ मध्ये नाझी यांनी मेलर यांच्यासह केलेल्या अभ्यासात फ्रेंच नवजातांना इंग्रजी व जपानी वेगळ्या लागल्या, इंग्रजी व डच मात्र वेगळ्या लागल्या नाहीत, कारण त्या दोन भाषांचा ठेका एकाच जातीचा आहे.

या मासिकाच्या वाचकांच्या घरांना जो प्रश्न सहज पडेल तो व्हँकूव्हरमध्ये २०१० मध्ये हाताळला गेला. गरोदरपणात इंग्रजी व फिलिपाइन्समधील टागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात मुले, आणि केवळ इंग्रजी बोलणाऱ्या आयांची नवजात मुले, अशी तुलना बायर्स-हाइनलाइन, बर्न्स व वर्कर यांनी केली. एकभाषी आईच्या मुलांचा ओढा इंग्रजीकडे होता; द्विभाषी आईच्या मुलांनी दोन्ही भाषांकडे सारखेच लक्ष दिले. पण यावरून त्यांच्या डोक्यात दोन भाषांची खिचडी झाली असे कोणी म्हणू नये, म्हणून पुढची चाचणी घेतली, आणि दोन्ही गटांतील मुले त्या दोन भाषा वेगळ्या ओळखतात असे दिसले. घरात मराठी, अंगणात कोंकणी किंवा कन्नड, असे असले की मूल उशिरा बोलते व धड एकही भाषा शिकत नाही, असे शहाणी माणसे अजूनही तरुण आयांना सांगतात. जन्मदिवसाची ही साक्ष त्या उपदेशाला आधार देत नाही. मराठी व कोंकणी यांचा ठेका इंग्रजी व टागालोग यांच्याइतका भिन्न नाही, तेव्हा आपल्याकडील नवजाताला त्या दोन पहिल्याच दिवशी वेगळ्या लागतील असे मात्र या प्रयोगावरून अनुमान काढता येत नाही.

एवढे सर्व झाले ते मुलाच्या वागणुकीवरून. न्यायालयात याला परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. मेंदूच्या आत डोकावण्याची साधने नंतर आली, आणि ती सुद्धा अशी हवी होती की मुलाला सुई, औषध वा वेदना काही लागू नये. डोक्यावर विद्युत्‌वाहक टोप घालून मेंदूच्या सूक्ष्म लहरी मोजण्याची पद्धत जुनीच. फिनलंडमधील नाटानेन यांनी १९७८ मध्ये तिच्यातून एक उपयुक्त खूण शोधली. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येत असताना मध्येच दुसरा आला की मेंदू लक्ष न देतासुद्धा चमकतो, आणि ती चमक लहरींत दिसते. झोपलेल्या नवजातातही ती सापडली. हेलसिंकीतील पार्टानेन व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गर्भाच्या एकोणतिसाव्या आठवड्यापासून आयांनी ‘ताताता’ असा एक निरर्थक शब्द वारंवार वाजविला. जन्मानंतर त्या मुलांच्या मेंदूंनी त्या शब्दातील स्वराच्या बदलाला इतर मुलांपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद दिला.

दुसरे साधन प्रकाशाचे. कवटी कोवळी व पातळ असल्यामुळे मंद अवरक्त प्रकाश तीतून आत जाऊन परत येतो, आणि मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायुयुक्त रक्त अधिक धावले ते सांगतो. मार्सेला पेन्या, मेलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इटलीतील दोन ते पाच दिवसांच्या मुलांना एकदा सरळ बोलणे व एकदा तेच उलटे फिरविलेले बोलणे ऐकविले. डाव्या कानशिलाकडील भाग सरळ बोलण्याला अधिक जागृत झाला. त्याआधी २००२ मध्ये फ्रान्समध्ये जिझेल देहाने-लाम्बेर्त्झ यांनी तीन महिन्यांच्या मुलांवर चुंबकीय चित्रणाने केलेल्या अभ्यासातही डाव्या बाजूचे पारडे जड दिसले होते. लेनेबर्गचा समसमान वाटणीचा पक्ष यामुळे ढासळला, असे आम्ही म्हणू. तथापि ‘डाव्या बाजूला भाषेचे इंद्रिय तयारच असते’ हा उलट टोकाचा दावाही मंजूर करण्यास आमचे मन धजत नाही. उलटे बोलणे म्हणजे कोणाच्याही मुखातून कधी न निघालेला ध्वनी; त्याला मेंदूने कमी दाद दिली ती तो भाषा नाही म्हणून, की तो कानाला अनोळखी व चमत्कारिक म्हणून, हा संशय राहतोच. शिवाय बऱ्याच प्रयोगांतील मुलांची संख्या एका वर्गापेक्षाही लहान असते.

याहून आम्हाला अधिक विचार करावयास लावणारे दोन निष्कर्ष आहेत. २०१३ मध्येच फ्रान्समधील आमियाँ येथे महमूदजादेह व सहकाऱ्यांनी मुदतीच्या दोन-तीन महिने आधी, अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांत, जन्मलेल्या बालकांना ‘बा’ आणि ‘गा’ ऐकविले. मेंदूचे थर अजून जागेवर बसत असतानाच त्या मुलांच्या मेंदूने अक्षरातील बदल टिपला, आणि आवाज पुरुषाचा की बाईचा हा बदलही टिपला. दुसरा निष्कर्ष पेरानी व सहकाऱ्यांचा, २०११ चा. दोन दिवसांच्या मुलांच्या मेंदूतील तंतुमार्ग त्यांनी पाहिले. ऐकण्याच्या भागाकडून उच्चारासाठी स्नायू हलविणाऱ्या भागाकडे जाणारा रस्ता तयार होता, खालचा एक मार्गही होता. परंतु ब्रोकाच्या प्रदेशाकडे जाणारा वरचा मार्ग, ज्यावर प्रौढांचे गुंतागुंतीचे व्याकरण बरेचसे अवलंबून असते, तो अजून दिसत नव्हता. म्हणजे साक्षीदार ऐकतो, भेद जाणतो, नक्कल करण्याची तयारी ठेवतो. वाक्याची बांधणी करणारी खोली मात्र अजून घराला जोडावयाची असते.

आता गुंग महालाकडे परत. जे मूल जन्मतः ऐकतच नाही, त्याच्या मेंदूतील ही सर्व व्यवस्था कशाची वाट पाहते? माँट्रियलमधील लॉरा पेटिटो व मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये दाखविले की बहिऱ्या आईबापांची बहिरी मुले, ज्यांना घरी खुणांची भाषा दिसते, ती ऐकणारी मुले जेव्हा ‘बाबाबा’ करतात त्याच वयात हातांनी बडबडतात. अर्थहीन, पण ठेक्याने आणि खुणांच्या घटकांनी. मेंदू वाट पाहतो ती भाषेची, आणि ती कानाच्या दाराने आली नाही तर तो डोळ्याच्या दाराने घेतो. अकबराच्या मुलांना दोन्ही दारे बंद होती. त्या दायांना खुणा करण्याचीही मोकळीक होती की नाही, हे अबुल फजलने सांगितलेले नाही.

बहिरेपण पूर्वी कळे ते मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही बोलेना तेव्हा; म्हणजे ‘ट’ व ‘त’ची रेघ जेथे ओढली जाते ती वेळ उलटून गेल्यावर. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये शोधून काढले की निरोगी कान स्वतःही अगदी क्षीण ध्वनी परत पाठवितो. त्या प्रतिध्वनीवर आधारलेल्या लहानशा यंत्राने झोपलेल्या नवजाताचा कान काही मिनिटांत तपासता येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखून उपचार व शिक्षण सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, मग ते शिक्षण बोलण्याचे असो वा खुणांचे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा क्रम तज्ज्ञांनी त्यावरून घालून दिला आहे. आपल्या देशात बधिरता-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ च्या सुमारास सुरू झाला. परंतु प्रत्येक प्रसूतिगृहात, विशेषतः तालुक्याच्या गावी, ही तपासणी नेमाने होते असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. बाळाला सोडताना लस टोचली का हे विचारणारे आईबाप कान तपासला का हेही विचारतील, तर यंत्र कपाटातून बाहेर येईल.

कायद्याने आपले काम त्या मानाने आधी केले होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ११९ वे कलम होते : ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून अथवा खुणांनी, उघड न्यायालयात दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानावी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका खटल्यात स्पष्ट केले की बहिरा व मुका मनुष्य सक्षम साक्षीदार आहे, लिहिता येत असल्यास त्याचे लेखी म्हणणे घ्यावे, नाही तर दुभाष्याच्या साहाय्याने त्याच्या खुणा नोंदवाव्यात. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे, आणि तीच तरतूद आता तेथे १२५ व्या कलमात आहे.